बारा गावचं पाणी प्यायलेल्या बास्केटबॉल प्लेअरचं करिअर कसं वाचायचं

एनबीएवर, म्हणजे अमेरिकेतल्या मोठ्या बास्केटबॉल लीगवर, गप्पा सुरू झाल्या की कोणीतरी हा डायलॉग मारतोच, "अरे दहा टीम बदलल्यात त्याने, कुठेच टिकला नाही, दमच नाही त्याच्यात". हे ऐकलं की माझं डोकं सटकतं. दम नसता तर पहिल्या टीमनंतरच घरी बसला असता ना, पुढच्या नऊ जणांनी काय म्हणून बोलावलं असतं त्याला? एनबीएत टीम ३०, प्रत्येकाकडे नेहमीच्या कॉन्ट्रॅक्टच्या जागा १५, म्हणजे सगळ्या मिळून ४५०, आणि वर टू-वेच्या (म्हणजे एनबीए आणि तिची खालची जी लीग अशा दोन्हीकडे खेळणाऱ्यांच्या) प्रत्येकी ३. एवढ्या जागांसाठी अख्खं जग रांगेत उभं. तिथे जो दहा-बारा वर्षं कुठल्या ना कुठल्या दारातून आत शिरतोय तो फुकट नाही शिरत.

तर अशा प्लेअरचं करिअर वाचायचं असेल तर टीम मोजत बसू नका. प्रत्येक टीममधून तो बाहेर कसा पडला ते बघा. ट्रेड झाला, काढून टाकला, कॉन्ट्रॅक्ट संपलं, स्वतः पैसे सोडून निघाला, या चार गोष्टींचे अर्थ पूर्ण वेगळे आहेत आणि आकड्यांच्या टेबलमध्ये चौघी अगदी सारख्या दिसतात, खाली नवीन ओळ आणि नवीन टीमचं नाव, बस.

म्हणून पहिलं काम म्हणजे दोन टॅब उघडायचे. एकात सीझनवार आकडे आणि दुसऱ्यात ट्रान्झॅक्शनची यादी, म्हणजे कोणत्या तारखेला साईन केलं, कधी वेव्ह केलं (काढून टाकलं), कोणाच्या बदल्यात ट्रेड झाला. बास्केटबॉल रेफरन्सवर त्याच पानावर खाली स्क्रोल केलं की दोन्ही मिळतं, परदेशी क्लबांसाठी रिअलजीएम बरं पडतं. आकड्यांच्या टेबलमध्ये एक गंमत असते, एकाच सीझनच्या दोन-तीन ओळी दिसतात आणि वर एक एकत्र बेरजेची ओळ असते, नवखे लोक ती बेरजेची ओळ पण टीम म्हणून मोजतात. आणि उलटं पण होतं, ट्रेडमध्ये एखाद्या टीमकडे गेला आणि एकही मॅच न खेळता तिथून सुटला तर ती टीम आकड्यांच्या टेबलमध्ये दिसतच नाही, फक्त ट्रान्झॅक्शनमध्ये दिसते. "इतक्या टीमकडून खेळला" हे जेव्हा म्हणतात तेव्हा निदान एक मॅच तरी कोर्टवर उतरला अशाच टीम धरतात.

आता हे एका माणसावर करून बघू, नुसतं सांगून कळत नाही. इश स्मिथ घ्या. सगळ्यात जास्त एनबीए टीमकडून खेळण्याचा रेकॉर्ड त्याच्या नावावर, १३ टीम. त्याच्या आधी चकी ब्राऊन, जिम जॅक्सन, टोनी मासेनबर्ग आणि जो स्मिथ हे चौघं १२ वर होते. इश २०१० मध्ये वेक फॉरेस्ट कॉलेजातून आला, ड्राफ्टमध्ये (टीम दर वर्षी नवे प्लेअर निवडतात त्यात) कोणी घेतलाच नाही. ह्यूस्टनच्या सीझनआधीच्या कॅम्पमधून टीममध्ये शिरला. आता ट्रान्झॅक्शनची यादी वाचत जा. फेब्रुवारी २०११, मेम्फिसला ट्रेड, कोणाबरोबर तर शेन बॅटिएबरोबर. फेब्रुवारी २०१३, ओरलँडोहून मिलवॉकीला, जेजे रेडिकच्या ट्रेडमध्ये. ऑगस्ट २०१३, मिलवॉकीहून फिनिक्सला, कॅरन बटलर तिकडून इकडे आला त्याच्या बदल्यात. पॅटर्न दिसतोय का? दर वेळी हेडलाईनमध्ये दुसऱ्याचं नाव आणि हा शेवटच्या वाक्यात. एनबीएच्या ट्रेडमध्ये दोन्ही बाजूंचे पगार साधारण जुळावे लागतात, रोस्टरच्या (टीमच्या यादीतल्या) जागाही जुळाव्या लागतात, आणि ते जुळवायला छोट्या कॉन्ट्रॅक्टवाला प्लेअर फार सोयीचा. यात त्याच्या खेळाचा काही दोषच नाही, त्याचा पगार आकाराने बरोबर बसला एवढंच.

पुढे वाचा. फेब्रुवारी २०१५, ओक्लाहोमाने त्याला न्यू ऑर्लिन्सकडे पाठवलं, तिथे लगेच वेव्ह झाला, फिलाडेल्फियाने उचलला. त्या सीझनमध्ये न्यू ऑर्लिन्सकडून खेळलाच नाही, म्हणजे आकड्यांच्या टेबलमध्ये ती टीम त्या वर्षी गायब. मग सीझन संपल्यावर फिलाडेल्फियाने कॉन्ट्रॅक्ट पुढे नेलं नाही आणि तो फिरून न्यू ऑर्लिन्सलाच गेला, यावेळी खरंच खेळला. आणि मग येते माझी सगळ्यात आवडती ओळ, डिसेंबर २०१५. फिलाडेल्फियाने त्याला परत आणला आणि त्यासाठी सेकंड राउंडचे दोन पिक (ड्राफ्टमध्ये प्लेअर निवडायचे हक्क) दिले. जो माणूस पाच महिन्यांपूर्वी फुकट सोडला होता त्याच्यासाठी आता किंमत मोजली. कारण काय तर त्या टीमने तोवर अख्ख्या सीझनमध्ये फक्त १ मॅच जिंकली होती, पॉइंट गार्डच नव्हता धड, पोरांना बॉल नेऊन देणारं कोणी नाही. इश आला आणि दुसरा विजय लगेच मिळाला. (सीझन तरी १०-७२ नेच संपला म्हणा, जादू थोडीच होती त्याच्याकडे.) आणि त्याच खेळाच्या जोरावर २०१६ च्या उन्हाळ्यात डेट्रॉईटने त्याला ३ वर्षांचं १ कोटी ८० लाख डॉलरचं कॉन्ट्रॅक्ट दिलं आणि तो तिथे तिन्ही वर्षं राहिला. भटक्या म्हणून प्रसिद्ध असलेला माणूस, आणि ज्याने पहिल्यांदा नीट कॉन्ट्रॅक्ट दिलं तिथे पूर्ण टिकला. शेवटी २०२२ मध्ये डेन्व्हर, ती तेरावी टीम, आणि २०२३ मध्ये त्यांच्याबरोबर चॅम्पियनशिपची रिंग. फार मिनिटं नव्हती त्याला तिथे, पण रिंग ती रिंगच.

एवढं एक करिअर असं ओळीओळीने वाचलंत की बाकीच्यांचं आपोआप जमायला लागतं. आता त्या चार दारांबद्दल थोडं सविस्तर.

ट्रेड म्हणजे समोरच्याने मागितला किंवा निदान चालवून घेतला. बदल्यात काय गेलं ते नक्की बघायचं, पिक देऊन आणला असेल तर त्याच्यासाठीच ट्रेड झाला, दुसऱ्या कोणाबरोबर आला असेल तर पगार जुळवायला.

वेव्ह म्हणजे काढला, पण तिथे तारीख बघा. एनबीएत वेव्ह झालेला प्लेअर ४८ तास वेव्हर्सवर असतो, तेवढ्यात दुसरी कुठली टीम त्याचं आहे तेच कॉन्ट्रॅक्ट उचलू शकते. १० जानेवारीला सगळी कॉन्ट्रॅक्ट त्या सीझनपुरती पूर्ण गॅरंटीड होतात, त्यामुळे हे ४८ तास धरून ७ जानेवारीच्या आसपास कात्री चालते. ऑक्टोबरमध्ये काढला तर कॅम्पमधली गर्दी कमी केली, जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात काढला तर पैसे वाचवले, फेब्रुवारीत ट्रेडनंतर लगेच काढला तर रोस्टरवर जागा करायची होती. खेळ वाईट होता म्हणून काढला असं यातलं क्वचितच असतं.

तारखा किती जीवघेण्या असतात त्याचं उदाहरण जेरेमी लिन. डिसेंबर २०११ मध्ये गोल्डन स्टेटने काढला, ह्यूस्टनने उचलला, ख्रिसमसच्या आदल्या दिवशी ह्यूस्टनने पण काढला, मग न्यूयॉर्कने उचलला, आणि मधे डी-लीगमध्ये (आजची जी लीग) पण पाठवून झाला. लॉकआउटमुळे (मालक आणि प्लेअर यांच्या वादात लीग बंद होती) तो सीझन उशिरा सुरू झाला होता, म्हणून गॅरंटीची तारीख त्या वर्षी १० फेब्रुवारी होती. ४ फेब्रुवारीला नेट्सविरुद्ध बेंचवरून आला आणि २५ पॉइंट टाकले, आणि बघता बघता स्टार झाला. टेबलमध्ये २०११-१२ ला फक्त न्यूयॉर्क दिसतं, मधलं ह्यूस्टन दिसतच नाही. आता कळलं ना दुसरा टॅब कशाला उघडायला सांगितला ते.

बायआउट म्हणजे प्लेअरने थोडे पैसे सोडून सुटका करून घेतली. हे बहुतेक फेब्रुवारीच्या शेवटी, कारण १ मार्चपर्यंत वेव्ह झाला तरच त्या सीझनचे प्लेऑफ (शेवटच्या बाद फेऱ्या) दुसऱ्या टीमकडून खेळता येतात. म्हाताऱ्या प्लेअरच्या टेबलमध्ये शेवटच्या दोन-तीन वर्षांत "एक कमकुवत टीम आणि लगेच एक तगडी टीम" अशी जोडी दिसली तर ९० टक्के हेच झालेलं असतं. आणि कॉन्ट्रॅक्ट संपून जाणं तर अगदीच साधं, त्यावर काय बोलायचं.

१० दिवसांच्या कॉन्ट्रॅक्टबद्दल मात्र बोलायलाच पाहिजे. ५ जानेवारीपासून ही सुरू होतात, १० दिवस किंवा ३ मॅच यातलं जे जास्त ते, आणि एका टीमला एका सीझनमध्ये एकाच प्लेअरला दोनदाच देता येतं, तिसऱ्यांदा हवा असेल तर सीझन संपेपर्यंत ठेवा नाहीतर सोडा. टेबलमध्ये "३ मॅच, ११ मिनिटं" अशी ओळ दिसली तर हसू नका, बघा दुसरं १० दिवसांचं मिळालं का, आणि त्यानंतर सीझनभराचं मिळालं का. दुसरं मिळालं म्हणजे प्रॅक्टिसमध्ये कोणाला तरी काहीतरी आवडलं. पैशाच्या बाजूने बघाल तर २०२४-२५ मध्ये नवख्याला एका १० दिवसांचे साधारण ६६ हजार डॉलर मिळत होते, आणि जी लीगचा अख्ख्या सीझनचा पगार ४३ हजार. म्हणजे दहा दिवस वर बसून राहिला तरी खालच्या पूर्ण वर्षापेक्षा जास्त. आता सांगा लोक सामान घेऊन पळत का सुटतात.

टू-वे २०१७-१८ ला सुरू झालं, त्याआधीच्या करिअरमध्ये ते शोधू नका. यात प्लेअर जी लीग आणि एनबीए यांच्यात ये-जा करतो, पगार नवख्याच्या मिनिममच्या निम्मा, एनबीएच्या मॅच ५० पर्यंतच, आणि प्लेऑफमध्ये खेळायचं तर आधी नेहमीच्या कॉन्ट्रॅक्टवर घ्यावं लागतं. तर टू-वेवाल्याच्या बाबतीत "वर घेतला का आणि कधी" हा एकच प्रश्न.

आणखी एक बारीक गोष्ट जी मला स्वतःला फार इंटरेस्टिंग वाटते. अनुभव वाढला की मिनिमम पगार वाढत जातो, मग टीमला म्हातारा प्लेअर महाग नाही का पडणार? तर नाही, एक वर्षाचं मिनिमम कॉन्ट्रॅक्ट असेल तर दोन वर्षांच्या अनुभवाच्या आकड्यावरची सगळी रक्कम लीग स्वतः भरते. म्हणून जुन्या प्लेअरांच्या शेवटच्या पाच वर्षांत दर वर्षी एकेक टीम दिसते. टिकत नाही म्हणून नाही राव, एक वर्षाचंच कॉन्ट्रॅक्ट दोघांना परवडतं म्हणून.

आणि कधीकधी कारण कोर्टवर नसतंच. जो स्मिथ बघा, १९९५ चा ड्राफ्टमधला पहिला पिक, तरी १२ टीम. मिनेसोटाने त्याच्याबरोबर गुपचूप लेखी डील केलं होतं की आत्ता कमी पगारात खेळ, नंतर मोठं कॉन्ट्रॅक्ट देऊ. २००० मध्ये ते उघडकीला आलं, लीगने कॉन्ट्रॅक्ट रद्द केलं, टीमला ३५ लाख डॉलर दंड, फर्स्ट राउंडचे पिक काढून घेतले. स्मिथ एक वर्ष डेट्रॉईटला गेला आणि मग परत मिनेसोटालाच आला. टेबलमध्ये मिनेसोटा, डेट्रॉईट, मिनेसोटा असं दिसतं, मागचं प्रकरण माहीत नसेल तर माणूस चक्रावून जातो.

टेबलमधली रिकामी वर्षं

आता खरा माल. एनबीएच्या टेबलमध्ये २००६-०७ नंतर डायरेक्ट २०१२-१३ अशी उडी दिसली की लोकांना वाटतं दुखापत झाली असेल किंवा सोडून दिलं असेल. पीजे टकरचं टेबल असंच आहे. टेक्सासमध्ये कॉलेजचा स्टार, २००६ ला टोरंटोने ३५ व्या नंबरवर घेतला, १७ मॅच खेळला, सीझन संपायच्या आत काढला. आणि मग पाच वर्षं गायब. गायब कुठला, इस्रायलमध्ये हापोएल होलोनकडून २००८ ला लीग जिंकली, १९९३ नंतर पहिल्यांदाच मकाबी तेल अवीव सोडून दुसरं कोणीतरी चॅम्पियन झालं होतं तिथे. मग युक्रेन, ग्रीस, इटली, मधे प्वेर्तो रिको, आणि २०१२ मध्ये जर्मनीत बामबर्गकडून लीग जिंकून फायनलचा एमव्हीपी (सर्वोत्तम प्लेअर). त्या उन्हाळ्यात फिनिक्सने समर लीगमध्ये बघितला आणि घेतला. त्यानंतर दहा वर्षांहून जास्त एनबीए, २०२१ ला मिलवॉकीबरोबर रिंग. ६ फूट ५ इंच उंचीचा फॉरवर्ड, कॉलेजमध्ये पोस्टवर (रिंगजवळ) खेळणारा, आणि परत आला तो कॉर्नरमधून थ्री (तीन पॉइंटचा शॉट) मारणारा आणि समोरच्या टीमच्या सगळ्यात खतरनाक माणसाच्या छातीशी चिकटून डिफेन्स करणारा होऊन. ती रिकामी वर्षं वाचल्याशिवाय हा बदल कसा समजणार?

रिकामं वर्ष भरायचं असेल तर जगाचं कॅलेंडर डोक्यात पाहिजे. युरोपचा सीझन सप्टेंबर-ऑक्टोबर ते मे-जून. ऑस्ट्रेलियाचा त्याच सुमारास सुरू होतो पण फेब्रुवारी-मार्चला संपतो, म्हणून तिथले प्लेअर मार्चमध्ये युरोपात कोणाच्या तरी दुखापतीच्या जागी जातात किंवा प्वेर्तो रिकोला, तिथली लीग मार्च-एप्रिलपासून उन्हाळाभर चालते. न्यूझीलंडची पण त्याच काळात. कॅनडाची सीईबीएल २०१९ ला सुरू झाली, ती मे ते ऑगस्ट. म्हणजे ठरवलं तर माणूस बारा महिने खेळू शकतो आणि एका वर्षात तीन खंड होऊ शकतात. एका वर्षात तीन क्लब दिसले तर आधी महिने लावून बघा, बहुतेक वेळा कोणीही काढलेलं नसतं, एक सीझन संपला आणि दुसरा सुरू झाला एवढंच.

आणि परदेशातली ओळ म्हणजे घसरण असं सरसकट धरू नका. स्टेफॉन मार्बरी एनबीएत दोनदा ऑल-स्टार, पाच टीम, शेवटी शेवटी कोणाशी पटेना. २०१० ला चीनला गेला, बीजिंगकडून २०१२, २०१४ आणि २०१५ अशा तीन चॅम्पियनशिप, शहरात त्याचा पुतळा उभा राहिला, चीनचं कायमचं राहण्याचं कार्ड मिळालं. त्याच्या करिअरचा सगळ्यात चांगला भाग एनबीएच्या टेबलमध्ये नाहीच आहे. डॉमिनिक विल्किन्सचं पण बघा, १९९६ ला पनाथिनायकोसकडून युरोपचा कप जिंकला आणि मग परत एनबीएत येऊन सान अँटोनियोकडून खेळला.

आकडे एकमेकांशेजारी ठेवायच्या आधी

युरोपात मॅच ४० मिनिटांची, एनबीएत ४८. म्हणजे नुसत्या वेळेसाठीच १.२ ने गुणायला पाहिजे. पण तेवढ्याने भागत नाही. युरोपात डिफेन्सचा तीन सेकंदांचा नियम नाही, उंच माणूस रिंगखाली तंबू ठोकून उभा राहू शकतो, त्यामुळे आत घुसून खेळणाऱ्या गार्डचे आकडे पडतात. थ्रीची लाईन ६.७५ मीटर, एनबीएत समोरून ७.२४, त्यामुळे शूटरची टक्केवारी तिकडे जरा फुगते. पाच फाउलला बाहेर, एनबीएत सहा. आणि मोठ्या क्लबांत दहा-अकरा जण वाटून खेळतात, स्टारला पण २५-२८ मिनिटं. त्यामुळे युरोलीगमध्ये (युरोपातली सगळ्यात वरची क्लब लीग) १५ चा अ‍ॅव्हरेज म्हणजे माणूस तिथला बडा खेळाडू, एनबीएच्या नजरेने बघाल तर साधा वाटेल.

चीनमध्ये उलटं. मॅच बरीच वर्षं ४८ मिनिटांची होती, परदेशी प्लेअर मोजके, आणि त्यांना आणतातच पॉइंट टाकायला. जिमर फ्रेडेट एनबीएत ६ च्या आसपास अ‍ॅव्हरेज, शांघायमध्ये पहिल्याच सीझनला ३७ च्या वर, २०१७ ला एका मॅचमध्ये ७३, २०१८ ला ७५. आणि गंमत म्हणजे त्या दोन्ही मॅच त्याची टीम हरली. तो अचानक देव झाला नव्हता, त्याला रोल वेगळा मिळाला होता. परदेशातले आकडे बघताना "किती टाकले" पेक्षा "त्याच क्लबने पुढच्या वर्षी परत बोलावलं का, आणि त्याहून वरच्या लीगने उचललं का" हे बघा. इम्पोर्ट (बाहेरून आणलेल्या परदेशी) प्लेअरला परत बोलावणं ही फार मोठी पावती असते, कारण तिथे दोन वाईट आठवडे गेले तरी विमानाचं तिकीट हातात देतात. जस्टिन ब्राऊनली फिलिपिन्समध्ये बरांगाय हिनेब्राकडे वर्षानुवर्षं परत येत राहिला, तो काही एनबीएत पोचला नाही, पण तिकडे त्याचं नाव विचारा कोणालाही.

पैसे आणि कागदपत्रं, हे पण करिअरच असतं

युरोपातलं कॉन्ट्रॅक्ट बहुतेक निव्वळ रकमेचं असतं, टॅक्स क्लब भरतो, वर फ्लॅट, बऱ्याचदा गाडी, येण्याजाण्याची तिकिटं. एजंटचे साधारण १० टक्के पण बहुतेक क्लबच देतो. एनबीएत सगळा आकडा टॅक्सच्या आधीचा आणि एजंटचे जास्तीत जास्त ४ टक्के प्लेअरच्या खिशातून. त्यामुळे "एनबीएचं मिनिमम सोडून तिकडे गेला, वेडा आहे का" असं म्हणण्याआधी दोन्ही आकडे एका पातळीवर आणा. टू-वेपेक्षा युरोपातल्या मोठ्या क्लबचे पैसे हातात जास्त पडतात असं बऱ्याच जणांच्या बाबतीत होतं, आणि खेळायला मिळतं ते वेगळंच.

दुसरी बाजू म्हणजे पगार थकणं. सीझनच्या मधे, जानेवारी-फेब्रुवारीत, प्लेअर चांगला खेळत असताना अचानक क्लब सोडून दुसऱ्या देशात दिसला तर हे कारण डोक्यात ठेवा. एका देशातून दुसऱ्या देशात जायचं तर आधीच्या देशाच्या फेडरेशनचं क्लिअरन्स लेटर लागतं, ते मिळाल्याशिवाय नवीन क्लब त्याला खेळवू शकत नाही, आणि जुनं कॉन्ट्रॅक्ट चालू असेल तर ते लेटर अडतं. थकलेल्या पगाराची भांडणं बास्केटबॉल आर्बिट्रल ट्रिब्युनलकडे जातात, फिबाने (बास्केटबॉलची जागतिक संघटना) हे २००७ मध्ये सुरू केलं, मुख्यालय जिनिव्हा. निकाल लागूनही क्लबने पैसे दिले नाहीत तर त्यांच्यावर नवीन प्लेअर रजिस्टर करायला बंदी येते. बरेच निकाल सगळ्यांना वाचता येतात, एखाद्या प्लेअरने क्लब का सोडला हे तिथे कधीकधी तारखांसकट सापडतं. वाचायला रटाळ आहे पण खरी माहिती तिथेच.

२०११ चं लॉकआउट पण लक्षात ठेवा. त्या वर्षी बरेच एनबीए प्लेअर परदेशात गेले, पण चीनच्या लीगने अट घातली की सीझन संपल्याशिवाय परत जायचं नाही. जेआर स्मिथ, केनयन मार्टिन, विल्सन चँडलर तिकडे गेले, आणि डिसेंबरमध्ये एनबीए सुरू झाली तरी यांना लगेच परत येऊन खेळता आलं नाही. जेआर फेब्रुवारी २०१२ ला न्यूयॉर्कला आला. टेबलमध्ये अर्धवट सीझन दिसतो तो याचा.

पासपोर्ट बघायला विसरू नका. युरोपच्या कोर्टाच्या १९९५ च्या बोसमन निकालानंतर युरोपियन युनियनचे प्लेअर एकमेकांच्या देशात परदेशी म्हणून मोजणं बंद झालं, मग अमेरिकन माणसाला युरोपचा पासपोर्ट मिळाला की त्याची किंमत एका रात्रीत वाढते कारण तो इम्पोर्टची जागा खात नाही. नॅशनल टीममध्ये मात्र फिबाचा नियम कडक, नागरिकत्व नंतर घेतलेला एकच प्लेअर. बो मॅकेलेब न्यू ऑर्लिन्सचा, एनबीएची एकही मॅच नाही, पण मॅसेडोनियाला २०११ च्या युरोबास्केटमध्ये चौथ्या नंबरपर्यंत घेऊन गेला. वर सांगितलेल्या ब्राऊनलीला २०२३ मध्ये फिलिपिन्सचं नागरिकत्व मिळालं आणि त्याच वर्षी हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये त्यांनी गोल्ड घेतलं, १९६२ नंतर पहिल्यांदा.

बायकांच्या करिअरला हेच नियम लावाल तर सगळं चुकेल. तिथे वर्षाला दोन टीम हा नॉर्मल प्रकार होता, उन्हाळ्यात डब्ल्यूएनबीए आणि हिवाळ्यात रशिया, तुर्की, चीन, कारण पैसे तिकडे. डायना टॉरसीला तर २०१५ मध्ये रशियातल्या एकातेरिनबुर्गच्या क्लबने डब्ल्यूएनबीएचा सीझन खेळू नकोस, आराम कर, म्हणून पैसे दिले होते. म्हणजे टेबलमध्ये २०१५ रिकामं दिसतं आणि ते रिकामं वर्ष तिला खेळण्यापेक्षा जास्त देऊन गेलं. ब्रिटनी ग्रायनर त्याच क्लबकडे जाताना फेब्रुवारी २०२२ ला मॉस्कोच्या एअरपोर्टवर अटक झाली आणि डिसेंबरमध्ये सुटली, त्यानंतर रशियाची वाट बंदच झाल्यात जमा. आणि २०२३ पासून डब्ल्यूएनबीएने परदेशातून उशिरा येणाऱ्यांना आधी दंड आणि पुढच्या वर्षीपासून अख्ख्या सीझनची बंदी असा नियम लावला. तर २०२३ च्या आधीचं आणि नंतरचं टेबल वेगळ्या नजरेने वाचा.

शेवटचं, आणि हे आधीच करून घेतलंत तर बरं, नाव आणि जन्मतारीख जुळवून बघा. माईक जेम्स नावाचे दोन पॉइंट गार्ड आहेत, दोघंही ड्राफ्टमध्ये न घेतलेले, दोघांनीही युरोपातून सुरुवात केली, दोघंही पायाला चाकं लावल्यासारखे फिरले. एक १९७५ चा, ऑस्ट्रिया-फ्रान्स करून मायामीत आला, २००४ ला डेट्रॉईटबरोबर रिंग, २००५-०६ ला टोरंटोमध्ये २०.३ चा अ‍ॅव्हरेज. दुसरा १९९० चा, क्रोएशियापासून सुरू झाला, २०१७ मध्ये फिनिक्सने टू-वेवरून नेहमीच्या कॉन्ट्रॅक्टवर घेतला आणि त्याच डिसेंबरमध्ये काढूनही टाकला, पुढे मोनॅकोकडून खेळताना २०२४ ला युरोलीगच्या इतिहासात सगळ्यात जास्त पॉइंट करणारा झाला आणि त्या वर्षीचा एमव्हीपी पण. सर्चमध्ये दोघांची पानं एकाखाली एक येतात, क्लिक करायच्या आधी जन्मवर्ष बघा.